चंद्रभानची दहावी

नांदगाव खंडेश्वरपासून सहा किलोमीटर आत एक गाव आहे. त्या गावात चंद्रभान होलेला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत: त्याच्या मळ्यातली वांगी आणि त्याची दहावी. वांगी सगळ्यांनी खाल्लेली होती. दहावी कोणी पाहिलेली नव्हती, पण तिच्याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती.

त्याच्या बरोबरीच्या पोरांपैकी कोणी पाचवीत, कोणी सातवीत शाळेला रामराम ठोकला होता. चंद्रभान मात्र भातकुलीला मामाकडे राहून शिकला. तो दहावी व्हायचा त्या वर्षी, निकालाच्या दिवशी, त्याच्या बापाने म्हणजे पुंजारामने मारुतीच्या पारावर बसून गावाला पेढे वाटले. तेव्हापासून तलाठ्याची नोटीस वाचायची असो, फवारणीच्या डब्यावरचं बारीक अक्षर लावायचं असो की घरकुलाचा अर्ज भरायचा असो, लोक चंद्रभानकडे येत. तोही चष्मा पुसून, घसा खाकरून, दोनदा वाचून समजावून सांगे. त्याला वाचता उत्तम येत होतं, अक्षरही वळणदार होतं. त्यात काही खोटं नव्हतं. खोटी होती ती फक्त दहावी.

चंद्रभान नववीत नापास झाला होता. पुढचं वर्षभर त्याने मामाची गुरं राखली. पुंजारामला हे सगळं ठाऊक होतं आणि तरी त्याने पेढे वाटले. पोरगा घाबरून बापाच्या तोंडाकडे पाहत राहिला, तर बाप म्हणाला, ‘‘वाटलेच आहेत तं तू बी खाय एक.’’

चंद्रभानने खाल्ला. पुढे गावच्या पोलीस पाटलाची जागा निघाली. दहावी पासची अट होती, म्हणून चार जाणती माणसं त्याच्या दारात आली. त्याने हात जोडले आणि म्हणाला, ‘‘मले पदाचा सोस नाई बापा.’’ ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही तो तसाच मागे राहिला, कारण त्या अर्जात शिक्षणाचा रकाना होता. लोकांना त्याच्या साधेपणाचं कोण कौतुक. गुणपत्रिका नसलेल्या माणसाने साधं राहू नये तर काय करावं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

घरात आता दोघंच होती, तो आणि त्याची बायको दुर्गा. मुलगी प्रणाली अकोल्याला दिलेली, तिथेच दवाखान्यात नर्स होती. मुलगा अंकुर पुण्याकडे कारखान्यात लागलेला. दुर्गाबाई त्रेचाळीस वर्षांची, अंगाने किरकोळ, कामाला वाघ आणि बोलायला मोजकी. तिचं माहेर तेल्हाऱ्याकडचं. माहेरी ती शाळेत हुशार होती. गावात सातवीपर्यंतच वर्ग होते म्हणून दोन वर्षं घरी बसली, मग शेजारच्या गावात हायस्कूल निघालं तेव्हा रोज तीन किलोमीटर पायी जाऊन आठवी, नववी झाली. दहावीत असताना डिसेंबरात तिचं नाव शाळेतून कमी केलं आणि माघात लग्न झालं. मार्चमधली परीक्षा राहिली ती राहिलीच. दर वर्षी जूनमध्ये निकाल लागला, गावात कोणाकडे पेढे आले की ती एकच वाक्य बोले, ‘‘माह्या बाबानं मले परीक्षेले बसू देलं नाई.’’ मग पेढा घेऊन कामाला लागे.

पंचवीस वर्षं चंद्रभानने ते वाक्य ऐकलं होतं. दर वेळी त्याला बाहेर काहीतरी काम निघायचं.

गेल्या जुलैतली गोष्ट. नांदगावच्या बाजारात दोघं दुकान लावून बसली होती. भेंडी, वांगी, चवळी आणि सांबाराच्या जुड्या, म्हणजे पुण्यामुंबईकडची कोथिंबीर. गावच्या हायस्कूलच्या सीमा मॅडम नांदगावला राहत आणि भाजी यांच्याकडूनच घेत. दुर्गाबाईच्या मांडीवर अंकुरचं जुनं भूगोलाचं पुस्तक उघडं होतं. गिऱ्हाईक नसलं की ती वाचायची.

‘‘दुर्गाताई, तुम्ही सतरा नंबरचा फॉर्म का भरत नाही?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘ते काय असते?’’

शाळा सुटलेल्या माणसाला बाहेरून दहावीला बसता येतं, वयाची वरची अट नाही, जुन्या शाळेचा दाखला लागतो, असं मॅडमनी समजावलं. गेल्या साली एक पन्नाशीची बाई बसली होती, तेही सांगितलं. दुर्गाबाई जुडी हातात धरून ऐकत होती.

‘‘आणि काका तर दहावी आहेतच,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘त्यांनी बारावी करावी. त्यालाही हाच फॉर्म. तुम्ही दोघं रविवारी शाळेत या, मी शिकवते.’’

चंद्रभान तेव्हा भेंडी तोलत होता. त्याने मॅडमना पाव किलो जास्त भेंडी दिली आणि त्याला ते कळलंही नाही.

घरी येईपर्यंत दुर्गाबाईचं ठरलं होतं. ‘‘मी दहावी, तुमी बारावी. संगं बसू अभ्यासाले. पोरं आता आपआपल्या घरी आहेत, आपुन रिकामेच तं आहो.’’ तिने त्याच दिवशी प्रणालीला फोन केला, प्रणालीने अंकुरला केला, आणि दुसऱ्या दिवशी अंकुरने बापाला विचारलं, ‘‘बाबा, आर्ट्स घेता का कॉमर्स?’’

चंद्रभानने जमेल तेवढे पाय मागे घेतले. या वयात डोळे चालत नाहीत. तण काढायला कपाशीला डवरे द्यायचेत. गुणपत्रिका उंदरांनी खाल्ली असावी. दुर्गाबाईने एकेक कारण ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘खाल्ली असन तं दुसरी भेटते. बोर्डाचं ऑफिस अमरावतीतच आहे म्हणे. मॅडमनं सांगतलं. आधी माह्या शाळेचा दाखला आणू, मंग सोमवारी तुमच्या कागदासाठी अमरावतीले जाऊ.’’

बोर्डाच्या कचेरीत त्याच्या नावाचा कागद निघणार नव्हता. पण त्याला खरी भीती त्याची नव्हती. नापास झालेल्या माणसाला बायको चार दिवस हसेल, मग विसरेल. भीती होती ती त्या खोट्यामागून निघणाऱ्या दुसऱ्या गोष्टीची.

अठ्ठ्याण्णव साली तो दुर्गाला पाहायला गेला तेव्हाची गोष्ट होती ती. पोरगी पसंत पडली. तिच्या वडिलांना, भगवंतरावांना, दहावी पास जावई मिळतोय याचा आनंद होता. बोलणी गोठ्याजवळ बाजेवर बसून झाली. त्या काळी लग्न जमवताना बायको नवऱ्यापेक्षा एक यत्ता तरी खाली असावी, असा सगळ्यांचाच आग्रह असे. पुंजारामने तोच धागा धरला. ‘‘पोरगी परीक्षेले बसली अन् पास झाली तं बराबरीले येते. आमच्या घरी ते चालत नाई. शाळेतून नाव कमी करा, मंग साक्षगंध करू.’’ साक्षगंध म्हणजे तिकडचा साखरपुडा. पुंजारामचा मनातला हिशेब वेगळा होता. पोरगी खरीच दहावी झाली तर आपल्या नववी नापास पोराच्या वर बसेल, आणि कधीतरी दोघांचे कागद शेजारी ठेवायची पाळी येईल. आधी त्याने पोराला एक यत्ता वर चढवलं होतं, आता पोरीला एक यत्ता खाली ओढत होता.

परीक्षा तीन महिन्यांवर होती. मग भगवंतरावांनी चंद्रभानकडे वळून विचारलं, ‘‘जावईबापू, तुमचं काय म्हणणं आहे?’’

त्या माणसाने विचारलं होतं. तेवीस वर्षांच्या चंद्रभानने एकदा ‘बसू द्या तिले’ म्हटलं असतं तर भगवंतरावांनी तेवढाच आधार धरून मान वर केली असती. चंद्रभान बैलाच्या खुरांकडे पाहत राहिला. आठव्या दिवशी दुर्गाचं नाव शाळेतून कमी झालं.

आता पंचवीस वर्षांनी दोघं एसटीने अमरावतीहून अकोला आणि अकोल्याहून तेल्हारा असा प्रवास करून तिच्या शाळेत पोचली. शाळा दुमजली झाली होती. क्लार्कने जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवत नेलं आणि नाव सापडलं: दुर्गा भगवंत मेहरे. त्याने दाखला लिहून, शिक्का मारून दुर्गाबाईच्या हातात दिला. तिने उभ्याउभ्याच वाचला. प्रगती: उत्तम. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून. त्याखाली तारीख होती. तारखेपाशी तिचं बोट थांबलं.

अकोल्याच्या स्टँडवर अमरावतीची गाडी लागायला पाऊण तास होता. भर दुपार, स्टँडवर गर्दी, चहावाल्याची आरोळी. दुर्गाबाईने दाखला पुन्हा पिशवीतून काढला.

‘‘साक्षगंधाच्या चार दिवस आंधीची तारीख आहे,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणजे साक्षगंधाचीबी वाट नाई पाह्यली बाबानं. एवढी जड झालती मी त्यायले.’’

चंद्रभान चहाच्या कपात पाहत होता.

‘‘तुमाले एक सांगू?’’ ती पुढे म्हणाली. ‘‘बाबा आखरीले इथीच दवाखान्यात होते ना, तवा मी एकलीच होती त्यायच्यापाशी. त्यायनं मले इचारलं, दुर्गा, परीक्षेचा राग आहे का व अजून? मी म्हतलं, हो. आहे. मंग ते काई बोलले नाई. दुसऱ्या दिवशी गेले.’’ तिने दाखल्याची घडी घातली. ‘‘मले कधी कधी वाटे, म्हणाले नव्हतं पाह्यजे तसं. मरत्या माणसाले कोणी असं म्हणते का. पण आता हे तारीख पाहून वाटते, बरं म्हतलं.’’

चंद्रभानला हे माहीत नव्हतं. सासरे वारले तेव्हा तो खांदा द्यायला आला होता, तेराव्याला जेवला होता, आणि हे त्याला चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आता गप्प बसलो तर मेल्यावरही सुटका नाही, एवढंच त्याला कळलं. त्याने कप खाली ठेवला.

‘‘दुर्गा, तुह्या बाबानं नाई काढलं तुले शाळेतून.’’

‘‘मंग कोणं काढलं?’’

‘‘माह्या बापानं अट घातलती. नाव कमी करा, मंगच साक्षगंध. तू पास झाली असती तं माह्या वर गेली असती म्हणून.’’ इथवर आल्यावर थांबणं शक्य नव्हतं. ‘‘मी दहावी नाई व. मी नववी नापास आहो.’’

दुर्गाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. ती रडेल, ओरडेल, निदान हसेल असं त्याला वाटलं होतं. तिने दोनच प्रश्न विचारले.

‘‘बाबानं तुमाले इचारलं होतं का तवा?’’

‘‘इचारलं होतं.’’

‘‘तुमी काय म्हतलं?’’

‘‘काई नाई म्हतलं.’’

तिने दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी पदराखाली घेतली. गाडी लागली तेव्हा दोघांची जागा रिकामी होती. ती पुढे जाऊन एका म्हाताऱ्या बाईशेजारी बसली. अमरावती येईपर्यंत चंद्रभान तिच्या अंबाड्याकडे पाहत होता.

त्यानंतर सतरा दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. भेंडी तोडायची आहे. मोटार बंद करा. जेवण वाढलं आहे. भांडण झालं असतं तर चंद्रभानला बरं वाटलं असतं, पण भांडायला ती जवळच येत नव्हती. तिने स्वतःचा फॉर्म नेटवर भरून घेतला. रविवारी पातळ नेसून, वही घेऊन ती एकटीच शाळेत मॅडमकडे जाऊ लागली. प्रणालीने फोनवर विचारलं, बाबा का नाही जात? दुर्गाबाई म्हणाली, ‘‘त्यायलेच इचार,’’ आणि फोन त्याच्या हातात दिला. त्याने प्रणालीला पावसापाण्याचं विचारलं.

एका सकाळी शेजारची पार्बताबाई विम्याचा कागद घेऊन आली. चंद्रभानने सवयीने चष्मा पुसला, घसा खाकरला. दारात दुर्गाबाई सूप घेऊन उभी होती. ती त्याच्याकडे पाहत होती. त्याने कागद वाचला, पण दोनदा अडखळला. पार्बताबाई जाताना म्हणाली, ‘‘दहावी झालेल्या माणसाची गोष्टच वेगळी आहे बाई.’’ चंद्रभानला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्याच दिवशी त्याने मोटरसायकल काढली आणि भातकुली गाठली. त्याच्या शाळेतला जुना शिपाई अजून ओळख धरून होता. क्लार्कने बराच वेळ रजिस्टर शोधलं, कारण इतक्या जुन्या वर्षाचं कोणी मागायला येत नव्हतं. दाखला मिळाला. चंद्रभानने तो घरी आणून ओसरीवर मेथी निवडत बसलेल्या बायकोच्या समोर ठेवला आणि जरा लांब बसला.

तिने हात पुसून वाचला. इयत्ता नववी, अनुत्तीर्ण. शेरा: सतत गैरहजर.

‘‘सतत गैरहजर काहून होते?’’ तिने विचारलं. सतरा दिवसांत कामाबाहेरचं पहिलं वाक्य.

‘‘मामाच्या पोट्ट्यासंग नदीवर जात होतो. पोहाले.’’

‘‘मी एक दिवस खाडा केला नव्हता,’’ दुर्गाबाई म्हणाली. ‘‘तापात गेलती मी. पावसात डोक्यावर पोतं घेऊन गेलती.’’

चंद्रभान थोडा जवळ सरकला आणि म्हणाला, ‘‘मी बी दहावीचा फॉर्म भरीन म्हणतो. तुह्यासंग. तू हो म्हणशीन तं.’’

‘‘फॉर्म गावच्या शाळेत द्या लागते. अख्ख्या गावाले समजन.’’

‘‘समजू दे.’’

‘‘हासतीन लोकं.’’

‘‘पंचवीस वर्षं मान देला त्यायनं फुकटचा. आता हासू दे.’’

तिने मेथीची एक जुडी बांधली, मग दुसरी. चंद्रभान वाट पाहत होता. तिने नाही म्हटलं तर आपण काय करणार, हे त्याला माहीत नव्हतं. तीसएक वर्षं शाळेचं नाव काढलं की अंगावर काटा येणारा हा माणूस, आता बायको आपल्याला शेजारी बसू देईल की नाही म्हणून जीव मुठीत धरून होता.

‘‘गावाचं मले काई नाई,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘गावाले कळंन नाई तं नाई कळंन. माह्या बाबाले कोण सांगन?’’

चंद्रभानला कळेना.

‘‘श्रावणदादाच्या घरी फोटो आहे त्यायचा. तथी चाला. मले स्टँडवर सांगतलं तसं त्यायच्या पुढे सांगा. मंग बसतो मी तुमच्यासंग शाळेत. नाई तं माही मी एकलीच जातो.’’

फोटोपुढे बोलायचं म्हणजे काय, असं दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर चंद्रभानने त्याला वेड्यात काढलं असतं. त्याने दुसऱ्या दिवशीची गाडी विचारून ठेवली.

दुर्गाबाईचा भाऊ श्रावण तेल्हाऱ्याजवळच्या त्या जुन्या घरीच राहत होता. बहीण-भाऊजी न सांगता आलेले पाहून तो गडबडला, चहा सांगू लागला. दुर्गाबाई म्हणाली, ‘‘चहा मंग. पह्यलं हे काय म्हणतात ते आईक.’’ भिंतीवर भगवंतरावांचा फोटो होता, फेटा बांधलेला, एक डोळा किंचित बारीक. चंद्रभानने टोपी काढली. त्याला वाटलं होतं चार शब्दांत होईल, पण तोंड उघडल्यावर ते लांबलं.

‘‘मामाजी,’’ तो सासऱ्यांच्या फोटोला म्हणाला, ‘‘मी दहावी पास नव्हतो. माह्या बापानं तुमाले खोटं सांगतलं, अन् मी तथीच बसून होतो. पोरीले परीक्षेले बसू देऊ नका हे बी खोटं झाकाले म्हतलं. तुमी मले इचारलं तवा मी बैलाच्या पायाकडे पाहत होतो. दुर्गानं पंचवीस वर्षं तुमाले बोल लावला. तो माहा होता. माह्यावरचा बोल तुमी घेतला.’’

श्रावण मध्येच उठून दारापाशी गेला. त्याचं तोंड लाल झालं होतं. चंद्रभानला वाटलं आता हा आपल्याला घराबाहेर काढणार, आणि काढलं तर जायची त्याची तयारी होती. पण श्रावण बहिणीकडे वळला.

‘‘हे नापास आहेत हे मले बी आजच समजलं. पण अटीचं मले मालूम होतं, बाई.’’

‘‘तुले मालूम होतं?’’

‘‘बाबानं सांगतलं होतं. म्हणे, दुर्गाले सांगू नको. तिले त्याच घरात उमर काढाची आहे. सासऱ्यावर राग धरण्यापरीस माह्यावर धरू दे.’’

दुर्गाबाई मटकन खाली बसली. स्टँडवर जी रडली नव्हती, सतरा दिवसांत जिच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं, ती आता लहान पोरीसारखी रडली. ‘‘अन् मी त्यायले हो म्हतलं,’’ एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. दोन्ही पुरुष उभेच होते. तिच्याजवळ जावं की जाऊ नये हे चंद्रभानला कळत नव्हतं. शेवटी तो जाऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसला. तिने त्याला दूर केलं नाही, जवळही घेतलं नाही. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, फोटोपुढे हात जोडले आणि भावाला म्हणाली, ‘‘आता ठेव चहा.’’

परतीच्या गाडीत ती त्याच्याच बाकावर बसली. मूर्तिजापूर गेल्यावर तिने विचारलं, ‘‘मी पास झाली अन् तुमी नापास झाले तं?’’

‘‘तं पेढे वाटीन.’’

‘‘कशाचे?’’

‘‘तुह्या दहावीचे. मारुतीच्या पारावर बसून. या खेपेले खरे.’’

ती खिडकीबाहेर पाहू लागली. हसली की नाही ते चंद्रभानला दिसलं नाही. तिने पिशवीतून बीजगणिताचं पुस्तक काढलं, त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, ‘‘पह्यला धडा वाचून ठेवा. रविवारी मॅडम इचारते.’’

फॉर्म द्यायची मुदत संपायला तीन दिवस होते तेव्हा दोघं गावच्या शाळेच्या कचेरीत गेली. प्रार्थना नुकतीच संपली होती. खिडकीशी जीवन नावाचा क्लार्क बसला होता. कामाला चांगला, पण त्याच्या कानावर गेलेली गोष्ट जेवायच्या सुटीपर्यंत वेशीबाहेर जाते अशी त्याची ख्याती. मागे पोषण आहाराच्या दोन बाया आणि दाखल्यासाठी आलेले तिघं-चौघं उभे होते. पार्बताबाईही नातवाच्या कामाला आलेली होती.

जीवनने दोन्ही फॉर्म घेतले आणि चंद्रभानचा पाहून हसला. ‘‘काका, गडबड झाली. हा दहावीचा भरला तुमी. तुमाले बारावीचा पाह्यजे.’’

‘‘बरोबर भरला आहे.’’

‘‘अवो काका, तुमी दहावी पास आहा नं.’’

चंद्रभानने चष्मा पुसला. घसा खाकरला. ही सवय आता जाणार नव्हती. ‘‘नाई बापू,’’ तो मागच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, ‘‘मी नववी नापास आहो. दाखला जोडला आहे. वाचून घे.’’

पार्बताबाईने पदर तोंडाला लावला. जीवनने दाखला वाचला, मग चंद्रभानकडे पाहिलं, मग पुन्हा दाखला वाचला. आणि त्याने कामाला हात घातला. दोन्ही फॉर्म जुळवले, सवयीप्रमाणे नवऱ्याचा वर आणि बायकोचा खाली ठेवला, आणि टाचायला स्टेपलर उचललं.

‘‘थांब,’’ दुर्गाबाई म्हणाली. तिने खिडकीतून हात घालून आपला फॉर्म खालून काढला आणि वर ठेवला.

‘‘असा लाव,’’ ती म्हणाली. ‘‘मी दहावीत गेली होती. हे नववीतच होते.’’

जीवनने चंद्रभानकडे पाहिलं.

‘‘ती म्हणते तसंच लाव,’’ चंद्रभान म्हणाला.